खपलीचे २८, सरबतीचे ४२

गटाच्या बैठकीत हिशेब लिहून झाला की चहा येतो, आणि खरे प्रश्न चहाबरोबर येतात. या हंगामात आम्हाला गावोगाव एकच प्रश्न ऐकू आला. "ताई, खपलीचं पीठ सरबतीसारखं ताणत का नाही? गहूच ना तो?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा दबक्या आवाजात. "खपलीत ग्लुटेन नसतं म्हणतात. पाकिटावर तसं छापलं तर चालेल का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. ती जागा दाण्याच्या आत आहे आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आज तिथपर्यंत जायचं आहे. थोडं शाळेतलं विज्ञान लागेल, पण कुणी बिचकू नका. ज्या बाईला गटाचं रजिस्टर वाचता येतं तिला हेही कळेल.

आपल्याकडे घरात तीन तऱ्हेचे गहू येतात. रोजच्या चपातीचा सरबती किंवा त्याच्या जातकुळीतला. रव्याचा, शेवयांचा, टणक दाण्याचा बन्सी. आणि तिसरी आपली खपली, जिच्या दाण्याचं टरफल मळणी झाली तरी सुटत नाही. म्हणूनच तिला खपली म्हणतात. जखमेवर धरते तीही खपलीच, आणि तीसुद्धा सहजासहजी निघत नाही! आपल्या सासवा खपली उखळात घालून, मुसळानं सडून, मग खिरीला घ्यायच्या. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ती जुन्या काळापासून पेरली जाते. तिकडे तिला जवे गोधी म्हणतात.

नाव तिघांचंही गहू. पण सरबती आणि खपली ही एका आईची लेकरं नव्हेत. नातं काकी-पुतणीसारखं आहे म्हणा. ते कसं, ते बघू.

कुठल्याही झाडाच्या अंगात लाखो-कोट्यवधी पेशी असतात आणि जवळपास प्रत्येक पेशीत त्या झाडाची सगळी माहिती लिहिलेली असते. पान केवढं, दाणा लाल की पिवळा, टरफल घट्ट की सैल, पिठाला चिकटपणा किती. ही माहिती ज्या धाग्यांवर असते त्यांना गुणसूत्रं म्हणतात. आपण त्यांना रजिस्टरं म्हणू. एका गटाचं कामकाज जसं चार-पाच रजिस्टरांत वाटलेलं असतं, तशी झाडाची माहिती ठरावीक रजिस्टरांत वाटलेली असते. आणि प्रत्येक रजिस्टराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. माणसाची अशी ४६ रजिस्टरं, भाताची २४, ज्वारीची २०. जास्त रजिस्टरं म्हणजे जास्त हुशार असं काही नाही हं. बटाट्याची ४८ आहेत, आपल्यापेक्षा दोन जास्त.

आता गहू. पश्चिम आशियात एक फार जुना, एकदाणी गहू आहे, त्याची गुणसूत्रं १४. खपलीची २८. बन्सीचीही २८. सरबतीची ४२. सात दुणे चौदा, सात चोक अठ्ठावीस, सात सक बेचाळीस. सगळे सातच्या पाढ्यात! हा हिशेब जपानच्या साकामुरा नावाच्या शास्त्रज्ञानं १९१८ साली सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पक्का केला. त्यावरून एवढं कळलं की मूळ संच सातांचा आहे, आणि काही गव्हांत असे संच एकावर एक येऊन बसले आहेत. पण ते आले कुठून?

त्यासाठी फुलापाशी जावं लागेल. गव्हालाही फूल येतं बायांनो, फक्त ते कुणी केसात माळत नाही. ओंबी निसवली की तिच्यातून बारीक पिवळी लोंबणारी टोकं बाहेर येतात, ते परागकोश. पराग तयार होताना आणि बीजांड तयार होताना झाडाला एक काम करावं लागतं. रजिस्टरांच्या दोन प्रती असतात, त्यातली एकेकच पुढे पाठवायची, म्हणजे परागातली एक आणि बीजांडातली एक मिळून पुन्हा दोन होतात. नाहीतर दर पिढीला आकडा दुप्पट झाला असता.

ही वाटणी कशी होते? आपल्या फुगडीसारखी. प्रत्येक गुणसूत्र आपली जोडीदारीण शोधतं, दोघी समोरासमोर येऊन एकमेकींना धरतात, आणि मग एक इकडे, एक तिकडे अशा वेगळ्या होतात. जोड्या नीट लागल्या तर वाटणी बरोबर होते आणि दाणा भरतो. जोडी लागली नाही तर वाटणी विस्कटते आणि दाणा पोचट राहतो.

आता समजा दोन वेगवेगळ्या जातींच्या रानगवतांचा संकर झाला. एकाकडून सात आली, दुसऱ्याकडून सात आली. पण ही सात आणि ती सात एकमेकींना ओळखत नाहीत. अंगणात चौदा जणी उभ्या, पण फुगडी कुणाची कुणाशी लागेना. असं झाड वाढतं, हिरवं दिसतं, पण बी धरत नाही. खेचर जसं काम करतं पण त्याला पिल्लू होत नाही, तसंच.

क्वचित कधीतरी मात्र अशा झाडात वाटणीच होत नाही. परागात अर्धी जायच्याऐवजी सगळीच्या सगळी जातात, बीजांडातही सगळी राहतात, आणि ती दोन एकत्र आली की सगळ्या रजिस्टरांच्या दोन-दोन प्रती होतात. आकडा २८. आता प्रत्येकीला तिची अगदी सारखी जोडीदारीण मिळाली. फुगडी पुन्हा सुरू, दाणा भरला. आणि हे जे नवं झाड तयार झालं ते ना आईच्या जातीत बसतं ना बापाच्या. एका-दोन पिढ्यांत नवी जात जन्माला आली. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला लाखो वर्षांचा सावकाश बदल आठवतो, तोही खरा आहे, पण फुलझाडांच्या जगात हा असा एका उडीचा रस्ताही आहे.

खपलीच्या घराण्याची उडी अशीच. तुर्कस्तान, सीरिया, इराक हा जो भाग आज नकाशावर आहे, तिथं सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी किंवा त्याहीआधी एक रानटी गहू आणि एक त्याच्याच नात्यातलं गवत यांचा संकर झाला. शास्त्रज्ञ पहिल्याच्या सात गुणसूत्रांना 'ए' संच म्हणतात, दुसऱ्याच्या सातांना 'बी' संच. तेव्हा शेती नव्हती. हा २८ चा रानगहू आपोआप रानात वाढत राहिला. मग साधारण १०,००० वर्षांपूर्वी त्याच भागातल्या लोकांनी तो वेचता वेचता पेरायला सुरुवात केली. वेचण्याचं काम बहुधा बायकांचंच असणार, असं आमचं आपलं मत. तोच पेरलेला गहू पुढे प्रवास करत आपल्याकडे आला, ती आपली खपली. तिच्या ओंबीतल्या प्रत्येक कणसुल्यात बहुतेक वेळा दोन दाणे असतात, म्हणून तिचं शास्त्रीय नाव डायकोकम, म्हणजे दोन दाण्यांची.

बन्सी याच खपलीच्या घराण्यातून निघाला. त्याचेही संच ए आणि बी, आकडा २८. मग त्याचं टरफल का सुटतं? तर रजिस्टरं तेवढीच, पण आतल्या एक-दोन नोंदी बदलल्या. त्यातली मोठी नोंद ए संचातल्या पाचव्या गुणसूत्रावर आहे, आणि बदल अगदी बारीक आहे. एका अक्षराची वेलांटी बदलावी तेवढाच. पण त्या बदलानं आपलं मुसळ खाली ठेवलं गेलं.

आता सरबती. खपलीच्या पूर्वजांची शेती पसरत पसरत कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या इराणच्या बाजूला पोचली. तिथं शेताच्या बांधावर एक तण उगवत होतं. इंग्रजीत त्याला शेळीचं गवत असं म्हणतात. त्याची गुणसूत्रं १४. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी केव्हातरी गव्हाच्या फुलावर या तणाचा पराग पडला. खपलीचे सात आणि सात, तणाचे सात, मिळून २१, आणि पुन्हा ती वाटणीची गडबड होऊन दुप्पट. ४२. तणाच्या सातांना 'डी' संच म्हणतात. सरबती म्हणजे ए, बी आणि डी.

इथं क्षणभर थांबा. आज जगात पिकणाऱ्या गव्हातला बहुतेक सगळा गहू हाच, ४२ चा. पण रानात उगवणारा असा मूळ ४२ चा गहू सापडत नाही. खपलीचा रानटी पूर्वज आजही त्या डोंगरांत उभा आहे, सरबतीचा मात्र कुठेच नाही. तो माणसानं केलेल्या शेतातच जन्मला, तोही खुरपणीतून सुटलेल्या तणामुळे. खुरपायला जाताना हे आठवून हसू येतं.

हे सगळं शास्त्रज्ञांना कसं कळलं? १९४४ साली, दुसरं महायुद्ध चाललेलं असताना, जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीअर्स या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तेच एक तण डी संचाचं माहेर असल्याचं दाखवलं. देश एकमेकांवर बाँब टाकत होते आणि दोन्हीकडे माणसं एकाच गवताकडे बघत होती. अमेरिकेतल्या दोघांनी तर २८ चा गहू आणि ते तण यांचा मुद्दाम संकर केला, कोल्चिसिन नावाचं औषध वापरून गुणसूत्रं दुप्पट केली आणि ४२ चा गहू नव्यानं घडवून दाखवला. कोल्चिसिननं गुणसूत्रं दुप्पट होतात हे १९३७ मध्ये समजलं होतं. हे द्रव्य आपल्या कळलावीतही असतं बरं का. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलते ती कळलावी. ती अतिशय विषारी आहे, तिचा कंद मुलांच्या हाती लागू देऊ नका.

एक शंका इथं तुमच्यातल्या काहींच्या मनात आली असेल. ए, बी आणि डी हे तिघं शेवटी नातलगच. मग फुगडीत ए मधलं एखादं चुकून बी मधल्याचा हात धरत नाही का? धरलं असतं. पण बी संचातल्या पाचव्या गुणसूत्रावर एक नोंद आहे, ती ही सरमिसळ रोखते. ज्यानं त्यानं आपल्याच घरची जोडीदारीण धरायची. १९५८ मध्ये ही नोंद लक्षात आली. ती नसती तर आपल्या गव्हाचे दाणे असे भरले नसते.

आणि तीन-तीन संच बाळगण्याचा फायदा काय? एकच काम सांगणाऱ्या नोंदी तीन ठिकाणी असल्यामुळे एखादी बिघडली तरी काम अडत नाही. आणि एक प्रत जुनं काम सांभाळत असताना दुसरी बदलत बदलत नवं काही शिकू शकते. थंडीतला गहू, उन्हाळी गहू, डोंगरातला गहू, असा सगळीकडे तो पसरला त्याचं एक कारण हे आहे. वहीचा बोजा मात्र मोठा. २०१८ साली सरबतीच्या जातीच्या गव्हाची पूर्ण रजिस्टरं वाचून प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे १६ अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या पाचपट. वीस देशांतल्या संस्थांनी गुणसूत्रं वाटून घेऊन हे काम केलं. त्यातलं '२ए' नावाचं गुणसूत्र भारताच्या वाट्याला होतं.

आता आपल्या परातीकडे येऊ. पीठ ताणलं जातं ते ग्लुटेन नावाच्या प्रथिनांमुळे. ग्लुटेन तिन्ही गव्हांत आहे. पण त्याला रबरासारखी लवचीक ताकद देणाऱ्या महत्त्वाच्या नोंदी त्या तणाकडून आलेल्या डी संचात आहेत. खपलीत आणि बन्सीत डी संच नाही. म्हणून खपलीचा पाव हवा तसा फुगत नाही आणि कणीक लवकर तुटते. दाणा मऊ करणाऱ्या नोंदीही डी संचातच आहेत, म्हणून बन्सी आणि खपलीचा दाणा टणक, आणि टणक दाण्याचा रवा छान सुटा निघतो. तेव्हा खपलीची चपाती जमत नाही म्हणून सुनेला बोलू नका. तिच्या हाताचा दोष नाही, सात गुणसूत्रं कमी आहेत. कोमट पाण्यात भिजवून जास्त वेळ झाकून ठेवा. आणि खीर, पुरणपोळी, शेवया, कुरडया यात खपली सरबतीला मागे टाकते, हे आम्ही नव्यानं सांगायला नको.

ग्लुटेनचा दुसरा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागातल्या एका गटाला शहरातल्या एका दुकानानं खपलीच्या पिठाची मोठी मागणी दिली होती. अट एवढीच की पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' छापायचं. गटातल्या दहा जणींना वाटलं, छापायला काय जातं? सणाच्या तोंडावर हातात पैसे येणार होते. दोघी-तिघी अडून बसल्या. बैठक दोन तास चालली, आवाज चढले, शेवटी गटानं नकार कळवला आणि मागणी गेली. नाराजी अजून आहे, ती आम्ही लपवत नाही. पण नकार बरोबर होता, आणि का ते सांगतो.

सिलिअॅक नावाचा एक आजार आहे. त्या माणसानं ग्लुटेन खाल्लं की त्याच्या शरीरातली संरक्षण व्यवस्था त्याच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मुलाचं वजन वाढत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं. या आजाराला सगळ्यात जास्त चेतवणारा ग्लुटेनचा तुकडा डी संचातून येतो हे खरं. 'खपली निर्धोक' ही अफवा बहुधा या अर्ध्या सत्यातून उगवली. पण ए आणि बी संचांतही असे तुकडे आहेत, आणि खपली म्हणजे ए आणि बीच की. त्या मुलाला खपली चालत नाही. थोडीसुद्धा नाही. त्याची आई आपलं पाकीट वाचून विश्वासानं खीर करून भरवेल, आणि पोर महिनोन्महिने खंगत जाईल. आपल्या देशाच्या अन्न नियमांप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाचं कुठलंही पीठ त्या मर्यादेत बसूच शकत नाही.

अशी लक्षणं कुणाच्या लेकरात असतील तर डॉक्टरांना दाखवा, रक्ताची तपासणी असते. तपासणीच्या आधी आपल्या मनानं गहू बंद करू नका, मग आजार असूनही तपासणीत दिसेनासा होतो. आजार निघाला तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्याकडे आहेतच. फक्त गहू दळलेल्या चक्कीवर ती दळून आणू नका. घरच्या जात्यावर दळा, किंवा वेगळी चक्की बघा. साखरेच्या आजाराबद्दलही असंच कुणी कुणी सांगतं. खपलीत तंतू बरे असतात, पण ती गहूच आहे. तिच्यात पिष्ट आहे. गोळ्या बंद करून खपली खाणं हा उपचार नव्हे.

मग पाकिटावर लिहायचं काय? खरं काय कमी आहे का! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तांबेरा रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला, त्यात आपली खपली होती, 'खपली' याच नावानं. तांबेऱ्याला ती दाद देत नाही म्हणून तिच्यातली नोंद जगभरच्या पैदासकारांनी वापरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 'एमएसीएस २९७१' हा कमी उंचीचा, न लोळणारा खपलीचा वाण काढला आहे. १०,००० वर्षांचं धान्य, टरफलातलं, रव्याला उत्तम, एवढं छापलं तरी पाकीट भरतं.

विदर्भातल्या, खानदेशातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कुठली खपली. तुमच्या कपाशीतही हाच खेळ आहे. देशी कापसाची गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसाची ५२. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी अमेरिका खंडात दोन कापूसजाती एकत्र येऊन ती ५२ ची झाली. दोघांचा संकर केला तर ३९ येतात, जोड्या लागत नाहीत, बी धरत नाही. आणि जळगावची केळी? ३३, म्हणजे अकराचे तीन संच. तिघीत फुगडी कशी होणार? दोघी धरतात, तिसरी उभी. म्हणून केळ्यात बी नाही आणि आपण कंद लावतो.

आता पेरणीपुरतं. खपली आणि सरबती शेजारी शेजारी पेरले तर खपली बिघडते का, असं बऱ्याच जणी विचारतात. गहू बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरतो, शेजारचा पराग क्वचितच लागतो. लागलाच तर ३५ चं झाड होतं, त्यात सात गुणसूत्रं एकटी पडतात आणि दाणा फार कमी भरतो. त्यामुळे खपलीचं बी एकदा चांगलं घेतलं की घरचंच बी पुढे धरता येतं, दर वर्षी विकत घ्यायची गरज नाही. मिसळ होते ती फुलात नाही, खळ्यावर होते. मळणीयंत्र आदल्या शेतातून सरबती मळून आलेलं असेल तर आधी ते रिकामं फिरवून झाडून घ्या, पहिलं पोतं बियाण्याला ठेवू नका. विकत घेताना खपली टरफलासकटच घ्या. सडलेल्या दाण्यात बन्सी मिसळला तर ओळखणं अवघड जातं, टरफलात मिसळता येत नाही. पेरायचीही टरफलासकटच, सडताना दाण्याचा कोंब दुखावतो. आणि बियाण्याच्या पोत्यावर वर्ष, शेत आणि कुणाकडून आलं ते खडूनं नाही, दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा. खडू पावसाळ्यात पुसला जातो.